एका दमात मंगलाष्टक

२ जानेवारी, शुक्रवार

ट्रस्टने यंदाही सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. एक तारखेच्या पानावर अध्यक्षांचा फोटो आणि संदेश छापला आहे, त्यामुळे माझं वर्ष दोन तारखेपासून सुरू. नावाच्या जागी लिहिलं : शामराव, खोली सात, सायंप्रभा निवास, तुकोगंज, इंदूर. खाली ‘रक्तगट’ अशी जागा होती. तिथं ‘शार्दूलविक्रीडित’ लिहिलं. चिंतामणने वाचलं आणि म्हणाला, “शाम्या, उद्या पडलास तर डॉक्टर ही बाटली कुठून आणणार?”

चिंतामण माझा खोलीतला जोडीदार. नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात केली, पण ओळख मंगलाष्टकांमुळे. एक काळ असा होता, की चिंतामणचं मंगलाष्टक झालं नाही तर इंदुरातली मराठी मंडळी ते लग्न कच्चं धरत. दोन-दोन ओळी एका दमात ओढायचा. आमचे मराठीचे गुरुजी डस्टर टेबलावर आपटून वृत्तं शिकवायचे, तो डस्टर माझ्या डोक्यात अजून वाजतो, आणि आपटायला जागा मिळावी म्हणूनच देवाने मला चिंतामण दिला असावा.

थंडी कडाक्याची आहे. इथले मॅनेजर जयेश, इंदुरी बोलीत जयेशभिया, यांनी हॉलच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद करून टाकल्या. थंडीही अडली, कबुतरंही. हॉलमध्ये आता शाळेच्या वर्गासारखा ऊबदार, कोंदट वास येतो. मला तर छान वाटलं.

मी इथं तात्पुरता आहे. पुण्याला अनुश्रीच्या स्वयंपाकघराचं काम निघालंय, ते संपलं की जाणार. दीड वर्ष झालं, पण हल्ली गवंडी मिळतात कुठं?

५ जानेवारी, सोमवार

काल फोनचा वार. आमचे मोबाइल जयेशभियांच्या कपाटात कुलूपबंद असतात. जयेश म्हणजे एका विश्वस्ताचा भाचा. मागच्या वर्षी कुणा भामट्याने पोलीस असल्याचं सांगून वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना व्हिडिओवर दिवसभर ‘अटक’ करून ठेवलं होतं, तेव्हापासून ही सोय. रविवारी जयेशभिया हॉलमध्ये खुर्ची टाकतात, फोन स्वतःच्या हातात धरतात आणि आपापली माणसं दाखवतात. “दो-दो मिनिट, काका. लाइन मोठी आहे.” दोन मिनिटांत माणूस काय सांगणार? मजेत. अनूलाही मी तेच सांगितलं.

चिंतामणला मात्र खरी बातमी मिळाली. त्याचा मुलगा अभिराम बंगळूरला असतो. त्याच्या श्रियाचं लग्न ठरलं, मे महिन्यात, वेदांत नावाच्या मुलाशी. श्रिया स्वतः फोनवर म्हणाली, “आजोबा, मंगलाष्टक तुम्हीच म्हणायचं. रेकॉर्ड नाही हां, लाइव्ह.”

त्यानंतर चिंतामणने जेवायचं ताटही बाजूला सारलं आणि कागद ओढला. रात्रीपर्यंत दोन ओळी तयार :

दारी वाजत चौघडा सुखभरे, इंदूर झाले खुळे
पोहे शेव जिलेबि ती घमघमे, व्याही उभे सोवळे

मी म्हटलं, लग्न बंगळूरला आहे, इंदूर कशाला खुळं होईल? तो म्हणाला, “तुला काय माहीत, होईल.” मग उभा राहिला आणि दोन्ही ओळी एका दमात म्हटल्या. समोरच्या खोलीतल्या यशोधराबाई दार उघडून बघायला आल्या, इतका आवाज. जाताना म्हणाल्या, “व्याही भुकेले दिसतात.”

९ जानेवारी, शुक्रवार

खोकला आला आहे. कुठून आला माहीत नाही. तीन नंबर खोलीतले बँकवाले काका परवा हॉलमध्ये टीव्ही बघता बघता खोकत होते, आज निम्मा हॉल त्यांना साथ देतोय. एकाने सुरुवात केली की पलीकडचा उचलतो. भेंड्याच.

डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, बाकी वेळ फोनवर. फोनवर त्यांनी सांगितलं, वायरल आहे, भाप द्या, म्हणजे वाफ. म्हणून आजपासून सुमनबाई सकाळ-संध्याकाळ भापेचं यंत्र फिरवतात. इथं अटेंडंट तीन होत्या, आता एकट्या सुमनबाई. यंत्र एक, त्याला प्लास्टिकची नळी, पुढे नाकातोंडावर लावायचा मास्क. आम्ही ओळीने बसतो, मास्क एका नाकावरून दुसऱ्या नाकावर जातो. अगदी पंगत. चिंतामण पलीकडच्याला म्हणतो, “आधी तुम्ही,” तो म्हणतो, “छे छे, तुम्ही थोर.” थोर मंडळींचं आटपलं की मग माझा नंबर. मास्क आतून ओला असतो, सुमनबाई तो पदराने पुसून देतात.

एकच विघ्न आलं. यशोधराबाईंच्या आजोबांनी होळकर दरबारात चाकरी केली, त्यामुळे बाई चहासुद्धा स्वतःच्या चांदीच्या भांड्यात घेतात. मास्क समोर आला तशा मागे सरकल्या. “दुसऱ्याच्या तोंडचं उष्टं मी नाकाला लावणार नाही.”

“अहो, औषधाला कसलं उष्टं?” मी म्हटलं.

“तुम्ही लावा, शामराव. गिरणीच्या ऑफिसात होतात ना? सवय असेल.”

सगळे हसले. मला राग आला. चाळीस वर्षं मी त्या ऑफिसात सभ्यपणे काम केलं आहे. रात्री बाईंवर चार ओळी रचल्या. त्यात ‘सोवळे’ला यमक ‘बावळे’.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. लहानपणी या दिवशी आम्ही गिल्लीदांडू घेऊन जे निघायचो ते दिवेलागणीलाच घरी. सराफ्यात गराडूच्या गरम तळलेल्या कंदावर लिंबू पिळून खाताना ओठ भाजायचे. आज तिळगूळ सुमनबाईंनीच वाटले. “गोड बोला आजोबा,” म्हणाल्या आणि तोंड फिरवून खोकल्या. तिळगूळ वाटणारी आणि घेणारे सगळे एकाच सुरात.

आपलं शहर स्वच्छतेत देशात पहिलं. इथं कचऱ्याचे सहा वेगळे डबे आहेत, ओला, सुका, बॅटऱ्या, काच आणि अजून काय काय. टाकताना चूक झाली तर जयेशभिया रागावतात. नाकं आमची चौदा, त्यांना मास्क मात्र एकच. वर्गीकरणाचं वेड बहुधा दारापर्यंतच आलं.

एक आनंदाची गोष्ट. टीव्हीचा रिमोट सुरू झाला. सुमनबाईंकडे बोटाला चिमट्यासारखं लावायचं एक यंत्र आहे, रक्तातला ऑक्सिजन बघायचं. त्यातल्या बॅटऱ्या रिमोटला बरोबर बसल्या. युक्ती जयेशभियांची. आता बातम्या दिसतात.

चिंतामणला खोकला आहेच, पण माझी तक्रार वेगळी. आज सराव करताना त्याने यतिभंग केला. शार्दूलविक्रीडितात ‘सुखभरे’पर्यंत जायचं, तिथं क्षणभर थांबायचं. श्वास घ्यायची ती ठरलेली जागा. हा ‘चौघडा’लाच थांबला. मी टेबलावर चमचा आपटला. “चुकलं!” तो म्हणाला, “पुन्हा... म्हणतो.” पुन्हाही तिथंच थांबला. मी म्हटलं, गुरुजी असते तर बाकावर उभं केलं असतं. तो हसला आणि हसता हसता बराच वेळ खोकला.

१६ जानेवारी, शुक्रवार

तीन नंबरचे बँकवाले काका घरी गेले. सकाळी पलंग रिकामा, गादीही नाही. जयेशभियांना विचारलं तर म्हणाले, “काका, ते घर चले गए. मुलगा घेऊन गेला पहाटेच.” नशीबवान. पहाटे न्यायला येणारा मुलगा कुणाला मिळतो? घाई झाली असावी, चपला दाराशीच राहिल्या. खिडकीत वाटीत कवळीसुद्धा होती. आता घरी जाऊन पहिल्या दिवशी पुरणपोळी कशी खाणार बिचारे?

सुमनबाईंना म्हटलं, पार्सल करा. त्या वाटी पदराखाली घेऊन गेल्या.

१८ जानेवारी, रविवार

फोन झाले. अनूला ‘मजेत’ म्हणालो. ओट्याचा दगड अजून यायचाय, ती म्हणाली. राजस्थानातून येणारी वस्तू, वेळ लागणारच.

चिंतामणला जयेशभियांनी आधी पाणी पाजलं, केस नीट केले, स्वेटरवर शाल दिली. स्क्रीनवर मोठा रुबाबदार दिसला. अभिरामने विचारलं, “बाबा, कसे आहात?” चिंतामण म्हणाला, “मजेत.” “खोकला वगैरे?” “थोडा.” जयेशभिया मागून म्हणाले, “सीझन आहे, भाई. सगळं फर्स्ट क्लास.” एवढ्यात दोन मिनिटं झाली.

चिंतामण हल्ली फारच मोजकं बोलतो, एका वेळी एक शब्द. मला त्याचा हेवा वाटतो. आपण इकडे पानं भरतो आणि हा सूत्रकार होऊन बसला.

त्याने नवी बैठकही काढली आहे. पलंगावर आडवा होत नाही, टेबलावर दोन्ही कोपर टेकून पुढे वाकून बसतो, खांदे वर, डोळे मिटलेले. मध्येच कधी जाग आली तरी तसाच दिसतो. एखाद्या जुन्या ऋषीसारखा. मी म्हटलं, ध्यान लावतोस की काय? त्याने नुसतं बोट वर केलं. मला ते ‘हो’ वाटलं.

२० जानेवारी, मंगळवार

आज झालेलं जसंच्या तसं लिहितो.

संध्याकाळी सराव. चिंतामण “दारी” म्हणाला आणि थांबला. मग “वाजत.” पुन्हा थांबला. मी चमचा उचलला. चमचा टेबलावर पडायच्या आत दारातून आवाज आला, “खाली ठेवा तो.”

यशोधराबाई. पदर नाकाला लावून आत आल्या. इतक्या दिवसांत कधीच आल्या नव्हत्या.

“त्यांचे ओठ बघितलेत का कधी?”

बघितले. निळसर होते. सकाळीच दिसले होते, मला वाटलं थंडी.

“अहो, त्यांना वृत्त चुकतं म्हणून मारताय? त्यांचा श्वास चुकतोय. आधी ओळ म्हणत, मग अर्धी, मग दोन शब्द, आता एक. तुम्ही मोजत तर होतात रोज, शामराव. नुसतंच मोजत होतात?”

“मला वाटलं...”

“आणि ते तीन नंबरचे? घरी गेले म्हणे! कवळी ठेवून?”

मी पलंगावर बसलो. चिंतामणने हात लांब करून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी त्याला धीर द्यायचा, की त्याने मला? पण तो तसाच आहे. म्हणाला, “चल. पुन्हा. म्हणू.”

२२ जानेवारी, गुरुवार

जयेशभियांकडे गेलो. मी काही भांडखोर नाही. चिंतामणला दवाखान्यात न्या, असं नीट सांगितलं.

“काका, वायरल आहे. डॉक्टरसाब बोलले ना.”

“डॉक्टरांनी त्याला बघितलंच नाही.”

“फोटो पाठवला होता.”

“खोकल्याचा फोटो?”

त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले. “काका, फक्त सोमवारपर्यंत थांबा. छब्बीस जनवरीला झंडावंदन आहे, सगळे ट्रस्टी येणार, आदर्श वृद्धसेवेचा पुरस्कार आपल्याला भेटतोय. त्याच्या आधी गेटवर ॲम्ब्युलन्स आली तर मोहल्ल्यात काय मेसेज जाईल? मंगळवारी मी स्वतः घेऊन जातो. प्रॉमिस.”

“मग माझा फोन द्या.”

“रविवारी.”

सुमनबाईंना विचारलं. त्यांचा फोन आहे, पण अभिरामचा नंबर कुणाला पाठ? तो चिंतामणच्या फोनमध्ये, फोन कपाटात. म्हणाल्या, “आजोबा, मी कपाट फोडलं तर उद्यापासून मी पण घरी.” मग स्वतःच्या ‘घरी’ या शब्दाने दचकल्या. जाताना चिंतामणच्या पाठीमागे तिसरी उशी लावून गेल्या.

मग मी फाटकाकडे गेलो. चौकीदार म्हणाला, “शामजी, बिना पर्ची के नहीं.” पर्ची देणार जयेशभिया. परत आलो. जिना चढताना मध्ये बसावं लागलं. गुडघे, दुसरं काय.

२४ जानेवारी, शनिवार

यशोधराबाईंच्या खोलीत खलबत. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पण खिडकीजवळ. त्यांच्या खिडकीची चिकटपट्टी त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. बावळे! माझ्या त्या चार ओळी फाडल्या पाहिजेत.

मी म्हटलं, उद्या फोनवर मीच ओरडून सांगतो अभिरामला. त्या म्हणाल्या, “जयेश फोन कापेल. मग म्हणेल, काका भ्रमिष्ट झाले. तुमची डायरी दाखवली तर लोक मानतीलही.”

“मग?”

“तुमचे मित्र ‘मजेत’ म्हणतात, तो शब्द त्यांना अजून जमतो. त्यांना न जमणारं म्हणायला लावा.”

मी समजलो. मंगलाष्टक. नातीच्या लग्नाचं, नातीसमोर. आणि मंगलाष्टक सुरू असताना कुणी मध्ये बोलत नाही, उठत नाही, आचारीसुद्धा झारा खाली ठेवतो. जयेशची काय बिशाद?

पण खोलीत परत आलो तेव्हा मन खात होतं. हा माणूस अख्ख्या इंदुरात आवाजासाठी ओळखला गेला. त्याला त्याच्या मुलासमोर, नातीसमोर फजीत करायचं? त्याला न सांगता? शेवटी सांगितलंच. तो ऐकत राहिला, कोपर टेबलावर.

“नाही,” म्हणाला. थोड्या वेळाने, “पोरगी. घाबरेल.”

“घाबरू दे.”

“लग्नाआधी. अशुभ.”

“चिंत्या, लग्नाला तू नसलास तर काय शुभ होणार आहे?”

मग त्याने तो दोन ओळींचा कागद घडी करून माझ्या खिशात घातला. म्हणजे हो की नाही, कळलं नाही. आता तरी मला अर्थ लावायची हिंमत नाही.

२५ जानेवारी, रविवार

हॉल उद्यासाठी सजवला आहे. तिरंगी पताका, भिंतीवर ‘आदर्श’ चिकटवलेलं. चिंतामणला जयेशभियांनी खुर्चीत बसवून आणलं, शाल पांघरली, केस नीट केले. मी खुर्चीमागे. मास्कच्या त्या दिवसानंतर यशोधराबाई पहिल्यांदाच हॉलमध्ये आल्या, पदर नाकाला, हातात चांदीचं भांडं. हळूच प्रत्येकाच्या मुठीत काहीतरी देत फिरत होत्या. मला वाटलं प्रसाद. बघतो तर हळद लावलेले तांदूळ.

फोन लागला. अभिराम आणि श्रिया दोघंही होते.

“बाबा, कसे आहात?”

चिंतामण गप्प. मी मागे खुर्ची धरून उभा. ‘मजेत’ म्हणाला तर संपलं.

“सब बढ़िया, भिया,” जयेशभिया म्हणाले. “थोडे थकलेत, बस.”

तेवढ्यात चिंतामण खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन उभा राहिला. मी त्याच्या काखेत हात घातला. अंग तापलेलं होतं. त्याने गळा साफ केला, हात जोडले, अगदी मांडवात जोडायचा तसे.

“आजोबा!” श्रिया टाळ्या वाजवत म्हणाली. “मंगलाष्टक? आत्ता?”

“दारी,” चिंतामण म्हणाला.

थांबला. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर.

“वाजत.”

पुन्हा थांबला. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. शालीच्या वर स्पष्ट दिसत होता. श्रियाच्या टाळ्या थांबल्या.

“नेटवर्क प्रॉब्लेम आहे, भिया,” जयेश म्हणाले आणि बोट स्क्रीनकडे नेलं.

“खबरदार!” यशोधराबाई कडाडल्या. दरबारच असा आवाज ऐकत असेल. “मुलीचं मंगलाष्टक मध्येच तोडतोस? लग्न लागायच्या आत अपशकुन करतोस? तुझं स्वतःचं ठरलंय ना रे एप्रिलमध्ये? घ्यायचंय डोक्यावर?”

जयेशचं बोट हवेतच राहिलं. आमची सगळी मंडळी उभी राहिली होती. कुणी काठीवर, कुणी वॉकरवर, एक जण पलीकडच्याच्या खांद्यावर. सगळ्यांच्या मुठीत अक्षता, सगळे खोकत होते आणि जयेशच्या भोवती गोल उभे होते. लग्नात मुलामुलीला घालतात तसाच वेढा. अशा वेढ्यातून माणूस फोन घेऊन जाणार कुठं?

“चौ,” चिंतामण म्हणाला. “चौघ...”

‘डा’ आलाच नाही. तो माझ्यावर रेलला. मी त्याला धरून खुर्चीत बसवलं. कुणीतरी गोंधळून अक्षता टाकल्या, मग सगळ्यांनीच टाकल्या. अर्ध्या जयेशच्या डोक्यावर पडल्या.

मग फोनमधून श्रियाचा आवाज आला, “बाबा, आजोबांना श्वास घेता येत नाहीये.”

“जयेशजी,” अभिराम म्हणाला, अगदी हळू. “फोन शामकाकांच्या हातात द्या. आणि गेट उघडा. ॲम्ब्युलन्स मी पाठवतोय, आत्ता. कॉल चालू राहील.”

जयेशने फोन माझ्या हातात दिला. डोक्यावर तांदूळ तसेच. गेटकडे स्वतः धावला. वाईट माणूस नाही. पण त्याने इतक्या दिवसांत कधी धावायला नको होतं का?

स्ट्रेचरवर चढवताना चिंतामणला ऑक्सिजनचा मास्क लावला. नवा, पिशवी फोडून काढलेला. तो बाजूला सारून त्याने मला जवळ बोलावलं. मी कान नेला.

“यति,” म्हणाला, “बरोबर... होता?”

मी म्हटलं, पहिल्यांदाच बरोबर होता रे.

२६ जानेवारी, सोमवार

झंडावंदन झालं. पुरस्कार झाला नाही. श्रियाने काल रात्री सगळं कुठंतरी लिहून टाकलं आणि ते शहरभर फिरलं, असं सुमनबाई म्हणाल्या. अध्यक्ष आले, राष्ट्रगीताला ताठ उभे राहिले आणि लाडू न खाताच गेले. आरोग्य खात्याची दोन माणसं आली. त्यांनी भापेचं यंत्र पिशवीत घातलं, मास्क चिमट्याने उचलला. आम्ही तो रोज नाकाला लावत होतो, ते त्याला हातसुद्धा लावेनात.

तीन नंबरच्या काकांची चौकशीही त्यांनी केली. सुमनबाई त्यांना बाजूला घेऊन बोलत होत्या. पदराखालून वाटी काढून दिली.

हॉलच्या खिडक्या उघडल्या. थंडी आत आली, एक कबूतरही. ते ‘आदर्श’च्या ‘र्श’वर बसलं.

२९ जानेवारी, गुरुवार

अभिराम आला होता, दवाखान्यातून. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. अजून ऑक्सिजनवर, पण ताप उतरतोय. तो माझ्या पाया पडला. मग उठून माझ्यासमोर बसला आणि विचारलं, “शामकाका, तुम्ही त्यांच्याच खोलीत होतात. आठ दिवस आधी नाही का कळवता आलं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी फोन कपाटात होता वगैरे सांगायला लागलो. खरं तर वीस तारखेपर्यंत मला कळवायचं काय तेच कळलं नव्हतं. निळे ओठ मी बघितले, पुढे वाकून बसणं बघितलं, सगळं बघितलं आणि प्रत्येकाला एकेक सुंदर नाव देत गेलो. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मीही दर रविवारी बघत होतो, काका.”

बाबांना तो बंगळूरलाच नेणार. इथं परत नाही. चिंतामणचे कपडे, चष्मा आणि तंबोऱ्याचं मशीन भरून घेऊन गेला. पलंग रिकामा आहे. गादी तरी ठेवली.

मला खोकला आहे. फार नाही. लिहिताना थांबत थांबत लिहितो, इतकंच. ही पानं सलग वाचली तर वाक्यं आखूड होत चालल्यासारखी वाटतील. शैली म्हणायची.

१ फेब्रुवारी, रविवार

आता फोन आमच्याकडे असतात. कपाट उघडं. जयेशची जागा गेली, नवे मॅनेजर यायचेत. तोवर विश्वस्तांचा कारकून सांभाळतो. चिंतामणचा ऑक्सिजन काल काढला. अभिरामने सांगितलं, बाबा नर्सला म्हणतात, खिचडी बेसूर आहे.

सकाळी यशोधराबाई आल्या. बाहेर व्हरांड्यातल्या खिडकीशी उभ्या राहिल्या, आत नाही. “शामराव, तुमच्या मुलीला फोन केलात?”

“करतो. मजेत आहे म्हणून सांगायला काय घाई?”

त्या माझ्या छातीकडे बघत राहिल्या. मी छातीवरून शाल ओढून घेतली.

मग लावला फोन. कुणी धरलेला नाही, वेळ मोजायला कुणी नाही. अनू स्वयंपाकघरात होती. मागे ओटा दिसला, चकचकीत, काळ्या दगडाचा, त्यावर भाजी चिरलेली. तिच्या लक्षात आलं आणि तिने फोन दुसऱ्या बाजूला वळवला.

“बाबा, कसे आहात?”

मी तोंड उघडलं. तो शब्द आला होता जिभेवर, तीन अक्षरी, सोपा, दीड वर्षाच्या सवयीचा. यशोधराबाई अजून खिडकीशीच होत्या.

“अनू,” मी म्हटलं, “वेळ आहे का तुला?”

“आहे की. का हो?”

सांगता येण्यासारखं वाक्य जुळेना. म्हणून जे येत होतं ते आधी येऊ दिलं. खोकलो. दाबला नाही, तोंड फिरवलं नाही, चांगला मनसोक्त, संपेपर्यंत खोकलो. पाणी आलं डोळ्यांना.

पलीकडे ती भाजी टाकून उभी होती. “बाबा,” म्हणाली, “हे कधीपासून?”

“सांगतो,” मी म्हटलं. “बस आधी.”

ती खुर्ची ओढून बसली.